कालुआ मॅडमचे कान

कालुआ मॅडमच्या वर्गात मुलांनी मान वर करून, थेट मॅडमच्या तोंडाकडे बघून बोलायचं असा नियम होता, आणि त्या नियमावरून अर्धं गाव त्यांच्यावर खार खाऊन होतं. आमच्याकडे पोर मोठ्या माणसाशी बोलताना गुडघा टेकतं आणि नजर मातीत ठेवतं. डोळ्याला डोळा भिडवणारं पोर म्हणजे आईबापाने वळण न लावलेलं पोर. गावच्या मुखियांनी एकदा शाळेत येऊन तोंडावर विचारलं होतं, "बाई, पोरांना शिकवताय की बिघडवताय?" तेव्हा एस्नाट कालुआ हसून म्हणाल्या होत्या, "बाबा, जमिनीकडे बघणारं पोर जागं आहे की झोपलंय, हे मला कसं कळावं?" उत्तर चोख होतं. खरं नव्हतं, एवढंच.

खरं असं होतं की मॅडमना ऐकू येत नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांचा क्षय उलटला, तेव्हा रोज टोचलेल्या इंजेक्शनांनी छाती वाचवली आणि कान खाल्ले. आधी पाखरं गेली. मग बायकांचे बारीक आवाज गेले, मग पोरांचे. आता ढोल, ट्रक आणि पत्र्यावर पडणारा आंबा एवढंच कानात शिरायचं. बाकीचं सगळं त्या लोकांच्या ओठांवरून उचलायच्या, आणि इतक्या सफाईने उचलायच्या की समोर उभ्या असलेल्या माणसाला शंका येत नसे. मागे उभा राहून कुणी हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर लोक म्हणत, बाई गर्विष्ठ आहे. मॅडमना ते चालायचं. गर्विष्ठ बाईला पेन्शन मिळते, बहिऱ्या बाईला घरी बसवतात.

आणि आताच तर घरी बसायची वेळ नव्हती. जेरे सर, आमचे मुख्याध्यापक, जुलैत निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. एक कालुआ मॅडम, दुसरे गणिताचे ग्रेशन मावेरे सर. मावेरे सर म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. ते बोलायला लागले की स्टाफरूम पोट धरून हसायची, आणि ज्याच्यावर विनोद झाला तोही हसायचा, कारण न हसणाऱ्यावर दुसरा विनोद व्हायचा. मॅडम विधवा, पोटी मूल नाही, सरकारी खोली नोकरीबरोबर जाणार. मुख्याध्यापकाच्या पक्क्या विटांच्या घराकडे त्या रोज जाता-येता बघायच्या आणि मनातल्या मनात पडदे लावायच्या.

अशात हुकूम आला की प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी कासुंगूच्या केंद्रात जाऊन मुलांचे कान तपासायला शिकायचं. जेरे सर आयुष्यभर कुणाला दुखवायच्या फंदात पडले नव्हते. त्यांनी दोघांचीही नावं दिली.

"मॅडम, हे तर लग्नाचं आमंत्रणच झालं की," मावेरे सर म्हणाले. "एकाच मिनीबसमधून जायचं, एकाच पातेल्यातलं जेवायचं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मावेरे सरांना शेवटी कुणीतरी बरोबर घेऊन गेलं," मॅडम म्हणाल्या. स्टाफरूम हसली.

शिकवायला शहरातल्या इस्पितळातून आलेली मुलगी वोंगानी नावाची होती. पँट घालून आली होती, त्यामुळे अर्ध्या शिक्षकांनी सकाळभर तिच्याकडे पाहिलंच नाही. पण मुलगी हुशार होती. तिने टेबलावर छोटी पेटी ठेवली, तिला जाड हेडफोन जोडले आणि सांगितलं, "मूल पाठ करून बसेल. तुम्ही बटण दाबलं की त्याच्या कानात बारीक आवाज जाईल आणि पेटीवर हा हिरवा दिवा लागेल. दिवा फक्त तुम्हाला दिसायला हवा. आवाज आला की मूल हात वर करेल. सोपं आहे ना?"

"सोपं आहे," सगळे एका सुरात म्हणाले. शिक्षकांनाही शाळेची सवय असतेच.

"सोपं नाहीये," वोंगानी म्हणाली. "मी पहिल्या शाळेत गेले तेव्हा सगळीच्या सगळी मुलं पास झाली. एक मुलगा जन्मापासून ठार बहिरा होता, तोही पास! का माहितीये? मोठ्या माणसाने मानाने खुर्चीत बसवलंय, कानाला काहीतरी लावून दिलंय, आता त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून पोरं आपली अधूनमधून हात वर करत राहतात. तेव्हा युक्ती काय? मध्येच गप्प राहायचं. काही सोडायचंच नाही. त्या शांततेत ज्याचा हात वर जातो, तो ऐकत नाहीये, तो शिष्टाचार पाळतोय."

सगळे खदखदून हसले. मॅडम सगळ्यांचे चेहरे बघून हसल्या.

मग वोंगानीने दुसरी गोष्ट सांगितली. तपासणाऱ्याचे स्वतःचे कान चांगले हवेत, कारण रोज सकाळी हेडफोन आधी स्वतः लावून बघायचा असतो. म्हणून आता जोडीजोडीने एकमेकांना तपासा. जोडीतला एक जरी नापास झाला तरी शाळेला पेटी मिळणार नाही आणि दोघांनाही प्रमाणपत्र नाही.

मॅडम पाठ करून बसल्या. समोर भिंत होती आणि भिंतीवर दातांचं चित्र. तोंड नाही, ओठ नाहीत, काही नाही. हेडफोन कानांवर बसले आणि जी काय थोडीफार कुजबुज जगातून येत होती तीही बंद झाली. त्यांनी वाट पाहिली. मग एकदा हात वर केला. थोडं थांबून पुन्हा केला. मनातल्या मनात चर्चमधलं भजन म्हणत त्याच्या तालावर त्या हात वर करत राहिल्या, आणि पाठीवरून घाम ओघळत कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडात जिरत राहिला.

मागे मावेरे सरांनी बटणावरचं बोट कधीच उचललं होतं. दिवा विझलेला होता. ते खुर्चीत आरामात रेलून बाईंचा हात वर जाताना आणि खाली येताना बघत होते.

सर लगेच ओरडले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण प्रमाणपत्र त्यांनाही हवं होतं, खुर्चीच्या वाटेवर ते उपयोगाचं होतं. आणि मांजर उंदीर सापडल्या सापडल्या खात नाही. ते उठून मॅडमच्या समोर आले, हेडफोन स्वतःच्या हाताने अलगद काढले आणि वोंगानीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! हत्तीचे कान आहेत हो आमच्या मॅडमचे. दोन्ही बाजूंनी पास."

परतताना मिनीबसमध्ये त्यांनी मॅडमना पिठाची तळलेली गरम मंडासी घेऊन दिली, खिडकीची जागा दिली. मॅडमना वाटलं, माणूस वाटतो तितका वाईट नाही. बिचाऱ्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी तेलकट कागदसुद्धा घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या आठवड्यापासून शाळेत तपासणी सुरू झाली आणि मॅडमच्या वाट्याला सातवी आली. त्याच वर्गात पहिल्या बाकावर फलेसी बसायची. फलेसीचे कान लहानपणापासून वाहायचे. आजी त्यात कोमट तेल घालायची आणि पोरगी ऐकत नाही म्हणून बडवायची. इतर शिक्षकांनी तिला तोंडाकडे टक लावून बघते म्हणून छड्या मारल्या होत्या. एकट्या कालुआ मॅडमच्या वर्गात सगळ्यांनीच टक लावायची होती, म्हणून तिथे ती पहिली यायची. मॅडमनी तिला केव्हाच ओळखलं होतं. चोराला चोराची पावलं दिसतात तशी त्यांना तिची नजर दिसली होती. त्यांनी कधी तिला काही विचारलं नाही, फक्त फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडून दिलं.

आता ती पाठ करून बसली आणि मॅडमनी बटण दाबलं. दिवा लागला. हात वर गेला नाही.

नापास झालेल्या मुलांचं काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. विभागाच्या शिक्षणाधिकारी कपाकासा बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना परीक्षेच्या वर्गात अडकवून शाळेचा निकाल पाडू नका, त्यांची वेगळी शाळा आहे. ती वेगळी शाळा दोन जिल्हे ओलांडून होती आणि तिथे जागा मिळायची वाट बघता बघता मुलींना मुलं व्हायची.

मॅडमनी चपलेचं टोक खुर्चीच्या पायाला टेकवलं. दिवा लागला की टोकाने हलकेच ठोकलं. फलेसीची पाठ ताठ झाली. पोरगी तल्लख होती, दुसऱ्याच वेळी तिला कळलं. खुर्ची थरथरली की हात वर, खुर्ची गप्प की हात खाली. दोन्ही बाजूंनी पास. उठल्यावर तिने मॅडमकडे असं बघितलं की मॅडमना दुसरीकडे बघावं लागलं. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांना वाटलं, आपण एकट्या नाही.

इकडे स्टाफरूममध्ये वेगळाच खेळ रंगला होता. मॅडम पाठमोऱ्या बसून वह्या तपासत असल्या की मावेरे सर मागे उभे राहून अगदी लाडात म्हणायचे, "म्हातारे, तुझ्या परकराला भोक आहे. म्हातारे, तुझा नवरा तुझी बडबड ऐकून मेला, आता देवाने हिशेब चुकता केला." आणि आवाज चढवून, "होय ना मॅडम?" मॅडम पुढची वही उघडायच्या. संगीताच्या तरुण बाईंना पहिल्या दिवशी रडू आलं. दुसऱ्या दिवशी हसू आलं. माणसाला सगळ्याची सवय होते. मग सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. कुणी मागे पातेल्याचं झाकण टाकायचं, कुणी कुत्र्यासारखं भुंकायचं. मॅडम वळल्या की सगळे वह्यांत डोकं घालून, खांदे तेवढे हलतायत.

खांदे मॅडमना दिसत होते. त्यांना सगळं कळत होतं, शब्द सोडून. मिनीबसमधल्या मंडासीचा अर्थही आता कळला होता. पण भांडायचं तर आधी कबूल करावं लागणार. त्या लाल पेनाने बरोबर-चूक करत बसायच्या.

जेरे सरांचा निरोप समारंभ जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत झाला. मैदानात निलगिरीखाली मंडप, पुढे कोच, कोचावर कपाकासा बाई, शेजारी जेरे सर कोटाच्या आत स्वेटर घालून. दोन कोंबड्या, एक बोकड, मक्याच्या पिठाच्या न्सिमाची मोठी पातेली चुलीवर. पुढचा मुख्याध्यापक कोण, हे त्याच दिवशी बाई सांगणार होत्या, म्हणून सगळं गाव जमलं होतं. कालुआ मॅडमचा सातवीचा गायकवृंद आधीपासून तालुक्यात नावाजलेला. कान शाबूत असताना बसवलेली शिस्त अजून चालू होती. पोरं तयार होती आणि मॅडम त्यांच्या तोंडांकडे बघून हात हलवत होत्या.

गाणं त्यांनीच रचलं होतं. 'जेरे सरांनी सावली लावली, आम्ही तिच्याखाली वाढलो.' पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्याला मॅडमनी दोन्ही हात उचलले आणि पोरांची तोंडं भलतंच बोलायला लागली.

'जुन्या मडक्याला कान नाहीत,
दार ठोका, ते झोपलंय.
घर पेटलंय म्हणा त्याला,
म्हणेल, या, बसा, जेवा!'

मावेरे सरांनी प्रत्येक पोराला फँटाची बाटली कबूल करून, रोज शाळा सुटल्यावर तंबाखूच्या कोठाराआड ते शिकवलं होतं. पोरं मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून, मान वर करून, शिकवल्याप्रमाणे स्पष्ट उच्चार करत गात होती. मॅडमनी पहिल्याच ओळीत 'कान नाहीत' वाचलं. त्यांचे हात हवेत होते. मागे अख्खं गाव होतं, आणि गाव हसतंय हे त्यांना पोरांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

त्यांनी ताल तसाच चालू ठेवला आणि ओळीवरून नजर फिरवली. तीस तोंडं एकसारखी मिटत-उघडत होती आणि एकच तोंड वेगळं होतं. फलेसी अजून सावलीच गात होती. कोठाराआडची कुजबुज तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, तिला कुणी बोलावलंही नसेल. ती डोळे विस्फारून मॅडमकडे बघत होती आणि जिवाच्या आकांताने बरोबर गाणं म्हणत होती.

कडवं संपलं. मॅडम वळल्या, कोचाकडे बघून कमरेत वाकल्या आणि मोठ्याने हसल्या.

"बाई, रागावू नका! गावाने बारा महिने मान ठेवायचा आणि निरोपाच्या दिवशी नातवंडांनी आजोबांची टर उडवायची, ही आमची रीत तुम्हाला सांगायला नको. या जुन्या मडक्याला आम्ही किती वर्षं सांगतोय, संडासाला दार बसवा, संडासाला दार बसवा. ऐकलं का कधी?"

जेरे सरांनीच मांडीवर थाप मारली. "पोरं मलाच की हो म्हणाली!" ते डोळे पुसत हसायला लागले, मग बाई हसल्या, मग गाव असं लोटपोट झालं की कोंबड्या पळाल्या. नातवंडांनी उडवलेली टर आमच्याकडे आशीर्वादासारखी घेतात. मावेरे सर हातात कॅमेरा धरून तसेच उभे राहिले.

"पण ती एक मुलगी काय गात होती?" कपाकासा बाईंनी विचारलं.

"ती? ती जुनंच गात होती. तिने आमची मजा घालवली."

"एवढ्या गळ्यांत तुम्हाला एक ऐकू आला? काय कान आहेत तुमचे!"

मावेरे सर पुढे आले. हा माणूस हरला की अजून गोड व्हायचा. "बाई, कानांचं म्हणालात म्हणून आठवलं. आमच्या शाळेला कान तपासायची पेटी मिळालीय. आत्ताच दाखवू का? पोरं घाबरतात, म्हणून आधी मॅडमच बसतील खुर्चीत. मी तपासतो. मॅडमना काय, हत्तीचे कान आहेत."

"अरे वा," बाई म्हणाल्या, "दाखवा की."

कुणीतरी खुर्ची आणली. संगीताच्या बाईंनी पेटी आणून टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. स्टाफमधला एकही माणूस मॅडमकडे बघेना. मॅडम खुर्चीकडे बघत उभ्या होत्या. या खुर्चीत बसल्यावर त्यांचं घर, पगार, नाव, सगळं त्या पाठीमागे बसलेल्या माणसाच्या बोटात जाणार होतं. आणि ते बोट त्यांच्या ओळखीचं होतं.

"माझे चांगले कान बघून बाईंना काय मिळणार?" मॅडम म्हणाल्या. "तेही तुम्हीच तपासलेत ना मावेरे सर, कासुंगूला? तुम्हीच पास केलंत. की चुकून केलंत?" मॅडमनी पेटी स्वतःकडे ओढली. "पेटी काय पकडते, ते बाईंना बघू दे. ती एकटी वेगळं का गात होती, मलाही बघायचंय. फलेसी, इकडे ये."

फलेसी धावत आली. मॅडमनी बोलावलंय म्हटल्यावर ती नेहमी धावतच यायची. ती पाठ करून बसली, हेडफोन लावून घेतले आणि पावलं जवळ घेऊन खुर्चीला टेकून राहिली. तिला काय करायचं ते माहीत होतं.

कपाकासा बाई मॅडमच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या, हिरवा दिवा बघायला. मॅडमच्या चपलेचं टोक खुर्चीच्या पायापासून बोटभर अंतरावर होतं. बोटभर पुढे सरकवलं असतं तर पोरगी सुटली असती. पण ती सुटली की मावेरे सर म्हणाले असते, आता मॅडम बसू देत. मॅडमना हे दोन्ही एकाच वेळी दिसत होतं, आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं.

आधी त्यांनी काहीच दाबलं नाही. दिवा विझलेला. फलेसी खुर्ची थरथरायची वाट बघत होती. बराच वेळ गेला. मग तिला वाटलं असेल, मॅडम विसरल्या, किंवा मलाच कळलं नाही. तिने मॅडमचा मान राखायला हात वर केला.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "आवाज नाही आणि हात वर. आता बघा."

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लागला. शेवटी शेवटी सगळा जोर लावून दाबलं. फलेसीचा हात मांडीवर पडून होता, आणि तिची पाठ हळूहळू आक्रसत चालली होती. गावातल्या बायकांनी तोंडाला हात लावले. मग फलेसी गर्रकन वळली आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, शब्दासाठी, एखाद्या खुणेसाठी, कशाहीसाठी.

"ही मुलगी ठार बहिरी आहे," मॅडम कपाकासा बाईंना म्हणाल्या. ओठ स्पष्ट हलले. फलेसीने प्रत्येक शब्द वाचला. "इतकी वर्षं आपल्या सगळ्यांना फसवत होती. वर्गात मुद्दाम पहिल्या बाकावर बसते."

"आणि तुम्ही एका सुरावरून ओळखलंत," बाई म्हणाल्या. त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला. "अशा मुलांना परीक्षेला बसवून आपण निकालाची माती करतो. उद्यापासून हिला वर्गात ठेवू नका, नाव वेगळ्या शाळेसाठी पाठवा. तिच्या हिताचंच आहे." मग त्या कोचापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढचं नाव त्यांनी घेतलं. ते कुणाचं असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. मावेरे सरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. बोकड चविष्ट झाला होता म्हणतात. मॅडमनी दोनदा वाढून घेतला.

नव्या घरात पडदे लावून झाले त्या आठवड्यात फलेसीची आजी आली. एका हातात जिवंत कोंबडी, दुसऱ्या हाताला नात. ओट्याखाली येऊन तिने गुडघे टेकले, कोंबडी नातीच्या हातात दिली आणि तळहात जोडून हलक्या टाळ्या वाजवत मॅडमना नमस्कार केला.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? आम्ही आपलं ऐकत नाही, ऐकत नाही म्हणून हिला मारत राहिलो. तुम्हीच एकीने ओळखलंत. आता मारत नाही हो. बहिऱ्याला मारून काय उपयोग?"

"आजी, जागा मिळेपर्यंत तिला शाळेत पाठवत जा," मॅडम म्हणाल्या. "मागे बसली तरी चालेल." हे त्या मनापासून म्हणाल्या. रात्री झोप येत नव्हती, आणि आता खुर्ची हातात होती.

"कशाला मॅडम? त्या मोठ्या बाईंनीच सांगितलं ना, हिचं तिथे काम नाही. तंबाखूची पानं निवडायला माणसं मिळत नाहीत. पानं निवडायला कान कशाला हवेत? पुढच्या वर्षी कुणी मागणी घातली तर देऊन टाकू. बहिरी बायको भांडत नाही म्हणतात." म्हातारी आपल्याच बोलण्यावर हसली.

फलेसी दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. तिला सगळं कळत होतं. मॅडमनी तिच्या हातातली कोंबडी घेतली, कारण आणलेली भेट घेतली नाही तर म्हातारीचा अपमान झाला असता. बोटांना बोटं लागली. मॅडम झटकन वळल्या आणि दाराकडे निघाल्या.

त्या पाठमोऱ्या असतानाच फलेसी काहीतरी बोलली. मॅडमना एवढंच दिसलं की घराच्या बाजूच्या हापशावर पाणी भरणाऱ्या बायका एकदम थांबल्या. बादली अर्धीच भरली होती आणि दांडा एकीच्या हातात तसाच वर राहिला होता. त्या वळल्या तेव्हा आजीचा हात पोरीच्या गालावर पडून गेला होता. पोरीचं तोंड मिटलेलं होतं. म्हातारी माफी मागत, टाळ्या वाजवत, तिला ओढत फाटकाबाहेर घेऊन गेली. फलेसीने मागे वळून बघितलं नाही.

मावेरे सर वह्यांचा गठ्ठा घेऊन ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. आता ते मॅडमचे उपमुख्याध्यापक होते. चेहरा पडला होता, आणि त्या माणसाचा चेहरा पडलेला मॅडमनी कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंत ना मॅडम," ते सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "पोरगी काय बोलली ते?"

मॅडमनी हापशाकडे बघितलं. बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्यापैकी कुणालाही विचारता येणार नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. आजीला नाही, पोरीला नाही. एकच माणूस सांगू शकत होता, आणि त्याला विचारणं म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं ते त्याच्या हातात देणं.

"सांगू?" मावेरे सरांनी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं.

कोंबडी फडफडली. मॅडमनी तिचे पंख घट्ट आवळले.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.